चिमणी, साठ सेंटिमीटर

ग्दीन्याच्या बंदरामागे, अकरा मजल्यांच्या ठोकळ्यात
चौथ्यावर. लिफ्ट बंद. खोका खांद्यावर.
पानी कलीना दार उघडून आधी माझे बूट बघते,
मग खोका, मग मला.
तीस वर्षं गोदीत क्रेन चालवलेली बाई,
कानांचं तिथेच वाटोळं झालेलं.

दुकानात तिनं विक्रेत्याला घाम फोडला होता, ऐकलंय मी.
तो सांगत होता डेसिबल, ही सांगत होती कांदा.
तो म्हणाला, तासाला सहाशे घनमीटर हवा ओढते.
ही म्हणाली, माझं स्वयंपाकघर सोळा घनमीटर,
उरलेली हवा कुणाची ओढू?
तिरक्या काचेची नको, डोकं आपटतं.
बोट फिरवून चालणारी नको, बोटं पिठात असतात.
शेवटी खटक्यांची घेतली,
दाबला की दाबल्यासारखा वाटणारा खटका.

कागदी साचा भिंतीवर चिकटवला,
शेगडीपासून पासष्ट सेंटिमीटर वर.
लेव्हलचा बुडबुडा मधोमध येईना.
भिंत वाकडी, की इमारत,
की सगळं गावच समुद्राकडे कललेलं?
"मला सरळ दिसतंय," ती म्हणाली.
"क्रेनमधून सगळंच सरळ दिसत असेल."
हे तिला ऐकू गेलं नाही. किंवा गेलं.

पहिल्या भोकातून राखाडी भुकटी,
दुसऱ्यात सळई लागली, ड्रिल किंचाळलं,
तिसरं बोटभर सरकवून पाडलं.
ती मासे साफ करत होती, पाठमोरी.

कोपऱ्यात, छताला लागून, ती जाळी:
वीतभर तोंडाचा हवेचा बोळ,
अकरा मजले एकमेकांच्या घरात सोडणारा.
"नियमात बसत नाही," मी म्हटलं, जरा मोठ्यानं,
"पण सगळेच करतात. नळी इथे जोडतो,
झडप लावतो, खालचा वास परत वर यायचा नाही."

सुरी थांबली.
"कुठला वास?"

"मंगळवारी तिसऱ्यावर आंबट कोबी शिजतो.
शुक्रवारी हेरिंग. रविवारी काही नाही,
रविवारी पोरगी घेऊन जाते त्याला.
रोज सकाळी सातला दूध उतू जातं,
बायको होती तेव्हाही त्याला दूध जमत नव्हतं.
एकोणीस वर्षं आमचं बोलणं नाही,
तळघराच्या किल्लीवरून फाटलं ते फाटलंच.
झडप लावलीस,
तर तो मेला की जगला, मला कळणार कसं?"

भिंतींना कान असतात म्हणे.
इथल्या भिंतीला नाक होतं,
आणि मी ते बुजवायला निघालो होतो.

मग कोळशाचा फिल्टर बसवला:
हवा तिचीच, गाळून तिलाच परत.
जाळी काढून घासली, तेलाचा थर नखभर होता.
गच्चीवर जाऊन बोळाचं तोंडही पाहिलं,
तिथे कडेला दुसऱ्याच एका चिमणीनं
आधीच बस्तान बसवलेलं,
काड्या, सुतळी, निळ्या प्लास्टिकची चिंधी.
हवेची वाट अडत नव्हती. मी हात लावला नाही.

तिनं लोण्यावर कांदा टाकला. खटका. दोन नंबर.
वाफ मान वळवून सरळ वर गेली.
ती नाक पुढे करून उभी, बराच वेळ.
"बरी आहे," म्हणाली, आणि बंद केली.
"पाहुणे आले की लावीन."

उतरताना तिसऱ्यावर दार किलकिलं.
कोपरावर विरलेला स्वेटर, हातात तळ जळलेलं पातेलं.
"वर भोकं कसली पाडत होतास?"
"चिमणी बसवली."
"म्हणजे आता..."
तो थांबला. जिन्यात नाक उचललं.
कांदा अजून होता.
"केवढ्याला पडली?"
मी किंमत सांगितली.
त्यानं दार लोटलं, लावलं नाही.

गाडीत बसल्यावर लक्षात आलं,
लेव्हल वरच राहिली, ओट्यावर.
आज नको.
मंगळवारी जाईन.